भुंग्यांसाठी घरटे (परसबागेतील)

परसात, आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) किंवा गच्चीवर भुंगे आणि एकट्याने राहणाऱ्या इतर माश्यांना अंडी घालता यावीत म्हणून बांबूच्या नळ्या, वाळके लाकूड किंवा मातीचा ठोकळा मांडून केलेली सोय. हे मधमाशीपालन नव्हे. यात पोळे नसते, कामकरी माश्यांची फौज नसते आणि मधाचा एक थेंबही हाती लागत नाही. उपयोग होतो तो परागीभवनासाठी. मराठवाड्यात तूर, वांगी, टोमॅटो, भोपळा, दोडका या पिकांवर या माश्यांची ये-जा असते.

या नोंदीतला भुंगा म्हणजे झायलोकोपा प्रजातीतील, लाकूड पोखरणारी मोठी काळी माशी. तिचे पंख उन्हात निळे-जांभळे चमकतात. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमणारे तपकिरी भुंगेरे वेगळे. ते हुमणी या पिकांची मुळे खाणाऱ्या अळीचे प्रौढ कीटक असून शेतकरी त्यांना प्रकाश सापळ्यात पकडून मारतात, आणि ते बरोबरच आहे. त्या मोहिमेत खरा भुंगा मात्र हकनाक मारला जाऊ नये.

परदेशातील पद्धत आणि तिच्या मर्यादा

बागेत घरटे करण्याची कल्पना मुख्यतः थंड देशांतून आली. तिथे ती बम्बलबी या केसाळ, गुबगुबीत माशीसाठी असते. तिची राणी हिवाळा जमिनीत निद्रिस्त राहून काढते आणि वसंतात उंदराचे सोडलेले बीळ शोधत फिरते. म्हणून कुंडी उलटी पुरायची, आत वाळके गवत व शेवाळ भरायचे आणि नळीने बाहेर वाट काढायची, असा तिकडचा प्रघात आहे. तिथेही अशा कितीतरी कुंड्या रिकाम्याच राहतात. या माश्यांना शेतीत मोल आहे हे खरे. १८८५ मध्ये त्या इंग्लंडहून न्यूझीलंडला नेल्या गेल्या, कारण तिथे लाल क्लोव्हर या चारापिकाला बी धरत नव्हते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेल्जियम व नेदरलँड्समध्ये हरितगृहातील टोमॅटोसाठी त्यांच्या वसाहती विकायला सुरुवात झाली.

भारतात बम्बलबीच्या जाती मुख्यतः हिमालयात आढळतात. मराठवाड्यात त्या नाहीत. बीड-परभणीकडे परसात गवत भरलेली कुंडी पुरली, तर तिच्यात विंचू, मुंगळे नाहीतर पाल राहायला येईल. बाहेरून बम्बलबी आणण्याचा विचारही करू नये. चिलीने १९९८ मध्ये परागीभवनासाठी युरोपीय जात आणली, ती पुढे अर्जेंटिनात पसरली आणि दक्षिण अमेरिकेतील मूळची मोठी, केशरी बम्बलबी अनेक भागांतून हटत गेली. आपल्याकडे फुलांची कामे करणारे कीटक आधीपासून आहेत, त्यांना जागा दिली की पुरते.

भुंग्याचे राहणे

कोरडे लाकूड पोखरणारा भ्रमर कोवळ्या कमळकळीत मात्र अडकून पडतो, हा दृष्टांत संतसाहित्यामुळे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकला जातो. त्यातला लाकडाचा भाग शब्दशः खरा आहे. पोखरण्याचे काम मादी करते. ती आपल्या जबड्यांनी लाकडाला छिद्र पाडते आणि ते गिरमिटाने पाडल्याइतके गोल असते. वाळवीप्रमाणे ती लाकूड खात नाही, भुसा बाहेर टाकते किंवा आत वापरते. बोगद्याच्या टोकाशी पराग व मधुरस मळून ती एक गोळा ठेवते, त्यावर अंडे घालते, भुसा लाळेत कालवून पडदा उभारते आणि पुढच्या कप्प्याला लागते. अंडे चांगले मोठे असते, कीटकांतील सर्वांत मोठ्या अंड्यांत त्याची गणना होते. साहजिकच एका मादीची पिल्ले मोजकीच असतात. म्हणून एक बोगदा बुजवला किंवा जाळला गेला तरी त्या परसातली भुंग्यांची संख्या लगेच रोडावते.

मादीला नांगी असते, पण हातात धरल्याशिवाय ती सहसा डंख मारत नाही. तोंडासमोर येऊन घोंघावणारा, माणसाला घाबरवणारा भुंगा बहुधा नर असतो आणि त्याला नांगीच नसते. काही जातींचे नर पिवळसर असल्याने ते वेगळाच कीटक वाटतात. बहुतेक भुंगे दिवसा वावरतात. भीमाशंकरच्या जंगलातली झायलोकोपा ट्रँक्वेबारिका ही जात मात्र चंद्र नसलेल्या रात्रीही फुलांवर जाते.

वांगी-टोमॅटोच्या फुलात पराग उघड्यावर नसतो. तो परागकोशात बंद असतो आणि टोकाच्या बारीक छिद्रातूनच बाहेर येतो. भुंगा फुलाला घट्ट धरतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि पराग अंगावर झाडून घेतो. सातेरी, फुलोरी, आग्या या मधमाश्यांना हे जमत नाही. माळरानावरची तरवड याच प्रकारची, तिच्या पिवळ्या फुलांजवळ सकाळी उभे राहिले तर भुंग्याचा आवाज मध्येच चढलेला ऐकू येतो. रुईच्या फुलातील परागाच्या चिकट पिशव्या वाहून नेण्याचे कामही मुख्यतः भुंगेच करतात. भुंगा चोरीही करतो. लांब नळीच्या फुलाला तो बुडाशी चीर पाडतो आणि पराग न हलवता रस पिऊन जातो.

इतर रहिवासी

घरटे भुंग्यासाठी मांडले तरी त्यात आधी शिरते ती बहुधा पानकापी माशी. गुलाबाच्या किंवा तुरीच्या पानांना कडेने कात्रीने कापल्यासारखे अर्धगोल दिसले की ती जवळपास आहे असे समजावे. याला रोग समजून फवारणी करणारे कमी नाहीत. पानांचे हे तुकडे गुंडाळून ती नळीत कप्पे करते. पराग ती पायांवर नेत नाही, पोटाखालच्या केसांत भरते, त्यामुळे तुरीच्या फुलावरून उठताना तिचे पोट पिवळे दिसते. तुरीत परपरागीभवन घडवणाऱ्या कीटकांत ही माशी महत्त्वाची आहे. म्हणूनच तुरीचे शुद्ध बियाणे घेताना दोन वाणांत अंतर राखावे लागते, आणि म्हणूनच तुरीचे संकरित बियाणे कीटकांच्या भरवशावर करता येते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे तूर संशोधन जालना जिल्ह्यातील बदनापूर येथे चालते. तिथल्या बीडीएन ७११ सारख्या वाणांची फुले या माशीच्या ओळखीची आहेत असे म्हणायला हरकत नाही.

निळसर पट्ट्यांची अमेगिला माशी लाकडात राहत नाही, तिला कोरडी माती लागते. गढ्यांचे बुरूज आणि पांढऱ्या मातीच्या भिंतींची माळवदाची (मातीच्या सपाट छताची) घरे ही तिला आयती जागा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जड भिंती आणि माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. त्यानंतर लातूर-धाराशिव पट्ट्यातील पुनर्वसित गावे सिमेंटची झाली. माणसांच्या जिवापुढे दुसरा विचार नव्हताच. पण अशा गावांत माशीला पोखरता येईल अशी भिंत उरत नाही, आणि मातीचा ठोकळा ती उणीव थोडीफार भरून काढतो.

मांडणी

नळ्यांसाठी पूर्ण वाळलेला बांबू घ्यावा. पेराचा सांधा एका टोकाला राहील असा कापावा, म्हणजे नळीची मागची बाजू आपोआप बंद राहते. लांबी सुमारे २० सेंमी. भुंग्यासाठी आतला व्यास १२ ते १८ मिमी, पानकापीसाठी ५ ते ९ मिमी. दोन्ही मापे एकाच जुडीत मिसळली तरी चालते. कोयत्याने तोडल्यास तोंडाशी फाटे राहतात आणि माशीचे पंख फाटतात, त्यामुळे बारीक दातांच्या करवतीने कापून कडा घासून घ्याव्यात. पोकळ एरंडाच्या वाळक्या दांड्याही चालतात. जवळ घायपाताचा वाळलेला फुलोऱ्याचा दांडा असेल तर तो तसाच आडवा बांधावा, भुंगा त्यात स्वतः बोगदा करतो. बारीक काळ्या-हिरव्या माश्या घाणेरी-गुलाबाच्या छाटलेल्या काड्यांतला मऊ गर कोरून राहतात. त्यांच्यासाठी अशा काड्यांचे खुंट उभे राहू दिले की काम झाले.

जुडी कशात ठेवायची याला मराठवाड्यात फार महत्त्व आहे. थंड देशांतील सल्ल्यानुसार घरटे दिवसभर उन्हात, दक्षिणेकडे तोंड करून लावतात. लातूर-नांदेडच्या मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, तिथे अशा घरट्यातल्या अळ्या भाजून निघतील. पत्र्याचा डबा म्हणूनच टाळावा. फुटक्या काठाचे मडके आडवे ठेवून त्यात नळ्या घट्ट बसवणे सर्वांत सोपे. वळचणीखाली, जमिनीपासून कमरेइतक्या किंवा त्याहून अधिक उंचीवर, पूर्वेकडे तोंड करून ते पक्के बांधावे. सकाळचे ऊन मिळावे, दुपारी सावली असावी आणि नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस आत जाऊ नये. वाऱ्याने झोके घेणाऱ्या घरट्यात माशी टिकत नाही.

मातीच्या ठोकळ्याला काळी माती उपयोगाची नाही, ती वाळताच भेगाळते. दोन भाग पांढरी माती व एक भाग बारीक रेती कालवून लाकडी खोक्यात दाबावी आणि सावलीत वाळवावी. नख लावल्यावर थोडी माती सुटली पाहिजे, तेवढीच ती मऊ हवी. तोंडाशी पेन्सिलने चार-सहा उथळ खड्डे करून ठेवले की पुढचे खोदकाम माशी करते. ठोकळा उभा ठेवावा आणि पावसापासून जपावा. त्यावर शेणाचा सारवा देऊ नये.

घरट्याच्या आसपास फुले नसतील तर सगळी मांडणी वाया जाते. खरिपात भाजीपाला आणि तूर असते, अडचण उन्हाळ्यात येते. मे महिन्यात फुलणारा बहावा, बांधावरची रुई, परसातली वांगी आणि कुंपणावरचा कृष्णकमळाचा वेल यांनी तो काळ निघतो. कृष्णकमळाचे फूल इतके मोठे आहे की त्याच्या पुंकेसरांना पाठ लागायला भुंग्याएवढाच कीटक हवा. उन्हाळ्यात बांध पेटवण्याची सवय मात्र या सगळ्यावर पाणी फिरवते, कारण वाळकी लाकडे, दांड्या आणि त्यांतली पिल्ले एकदमच जळतात. फवारणी टाळता येत नसेल तर ती माश्या परतल्यावर, दिवस मावळताना करावी.

देखभाल आणि तक्रारी

नळीच्या तोंडाशी पानांची किंवा चिखलाची बूच दिसली म्हणजे ती भरली. चिखलाची बूच कुंभारीण माशीचीही असू शकते. ती कोळी किंवा अळ्या साठवते, तिलाही राहू द्यावे. भुंगा आल्याची खूण म्हणजे खाली पडलेला ताजा भुसा आणि तोंडाखाली पिवळा ओघळ. मुंग्या चढू नयेत म्हणून मडके बांधलेल्या तारेला ग्रीस लावतात. वेडा राघू समोरच्या तारेवर बसून येता-जाता माश्या टिपतो, त्यावर उपाय नाही आणि शोधूही नये.

घराच्या चौकटीला, मांडवाच्या बांबूला किंवा फाटकाला भुंगा लागल्याची तक्रार नेहमीची. रंग दिलेल्या लाकडाला तो सहसा जात नाही. पिल्ले निघून गेल्यावर छिद्र लाकडी खुंटीने बुजवून वर रंग द्यावा आणि जवळच वाळका ओंडका ठेवावा. विषारी पावडर भरल्याने आतली पिल्ले मरतात, पण मऊ लाकूड तसेच राहते आणि पुढच्या वर्षी दुसरी मादी तिथे येते. बांबूच्या जुन्या नळ्यांत परजीवी कीटक आणि बुरशी साचते, म्हणून माश्या बाहेर पडल्याची खात्री करून दर दोन वर्षांनी नळ्या बदलाव्यात. ज्या नळ्या अजून बंद असतील त्या बाजूला काढून वेगळ्या मडक्यात ठेवाव्यात.