इंजिन थांबलं कशामुळे? खान्देशातल्या जुन्या यंत्रांची पार्श्वभूमी

यावल-रावेरकडच्या एखाद्या जुन्या विहिरीवर तीन काळ एकाच काठावर दिसतात. मोटेची धाव आणि दगडी थारोळं, शेजारी चार गंजके बोल्ट वर आलेला सिमेंटचा ओटा, आणि दहा पावलांवर बोअरच्या केसिंगमध्ये उतरलेली सबमर्सिबलची केबल. ओट्यावरचं इंजिन सापडतं गोठ्यामागे, कडब्याखाली. ते तिथे गेलं तेव्हा बहुधा चालू होतं. पाणी त्याच्या आवाक्याबाहेर गेलं, इतकंच.

खान्देशात जुनी इंजिनं आणि ट्रॅक्टर हौसेने उभे करणाऱ्याला म्हणून इतिहास वाचावा लागतो. झिजून थांबलेलं यंत्र वेगळ्या ठिकाणी खराब होतं, वीज आली म्हणून थांबलेलं वेगळ्या ठिकाणी आणि भाऊबंदकीत अडकलेलं आणखी वेगळ्या. थांबण्याचं कारण कळलं की पाना आधी कुठे लावायचा ते कळतं.

सर्वांत जुना थर कापसाचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि त्याच दशकात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे भुसावळपर्यंत आली. मग रेल्वेच्या आसऱ्याने जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहत गेले. इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचं नाव ओतलेले रेचे (सरकी काढणारी यंत्रं), वाफेचं इंजिन, छताखालून गेलेला लांब शाफ्ट आणि प्रत्येक रेच्याला उतरलेला सपाट पट्टा, अशी ती मांडणी. पुढे वाफ गेली, विजेची मोटर आली, पण शाफ्ट-पट्टे राहिले. ते निघाले २००० साली सुरू झालेल्या केंद्राच्या कापूस तंत्रज्ञान मिशननंतर. या योजनेत जिनिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळालं, कन्व्हेयर आणि आपोआप कापूस भरणारी यंत्रं आली, आणि बिडाच्या पुल्या भंगारात किलोवर गेल्या. आज हाती लागतात ते सुटे रेचे. त्यांचा रोलर चामड्याच्या चकत्यांचा असतो आणि वर्षानुवर्षांच्या कोरड्या उन्हात त्या चकत्या आकसून सैल होतात. तो बदलल्याशिवाय सुरी कितीही घासली तरी रुई ओढली जात नाही. बॉयलरच्या नादी मात्र लागू नये. निरीक्षकाच्या प्रमाणपत्राशिवाय त्यात वाफ धरायची नाही, हा नियम १९२३ च्या कायद्यापासूनचा आहे आणि तो योग्यच आहे.

खरा साठा ऑइल इंजिनांचा. इंग्लंडमधल्या डर्सलीच्या लिस्टर कंपनीचं सहा हॉर्सपॉवरचं, मिनिटाला ६५० फेऱ्यांचं, दोन मोठ्या चाकांचं आडदांड इंजिन हा एक घराणेप्रमुख. बोअर साडेचार इंच, स्ट्रोक साडेपाच इंच. त्याच्या नकला राजकोटला इतक्या झाल्या की आज सापडणारं ‘लिस्टर’ बहुधा राजकोटचंच असतं. साताऱ्याच्या कूपरची इंजिनं होतीच. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, आणि पुढे एव्ही-१ या पाच हॉर्सपॉवरच्या, १५०० फेऱ्यांच्या, ८० मिलिमीटर बोअर आणि ११० मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनाने विहिरी काबीज केल्या. तगाई काढून, भूविकास बँकेचं कर्ज काढून लोकांनी ती घेतली. केळी, ऊस आणि बागायती कापूस या इंजिनांच्या जिवावर वाढले. उन्हाळ्यात पाणी नसलं की तेच इंजिन पिठाच्या चक्कीला जोडलं जाई.

त्याचा घात केला हवेच्या दाबाने. वर ठेवलेला पंप पाणी खेचतो म्हणजे बाहेरची हवा ते पाणी वर ढकलते. तिची ताकद हिशेबाने १०.३ मीटरची, प्रत्यक्षात सहा-सात मीटरची. पाणी त्याखाली गेलं की पंप आणि इंजिन दोन्ही विहिरीत उतरवावे लागत. कडेला कोनाडा फोडून किंवा लोखंडी गर्डर टाकून इंजिन आत बसवत. विहिरीत धूर साचतो आणि तो जीव घेतो, म्हणून सायलेन्सरचा पाइप काठाच्या वर काढावा लागे. १९७२ च्या दुष्काळाने विहिरी आणखी खोल नेल्या. तोवर १९६० मध्ये स्थापन झालेल्या वीज मंडळाचे खांब शेतात पोचू लागले होते. मोटर आली, मग बोअर आणि सबमर्सिबल, आणि इंजिन गोठ्यामागे गेलं.

म्हणजे हे इंजिन बंद पडलेलं नाही, बंद केलेलं आहे. त्यात टाकीतलं डिझेल तसंच राहिलं, जॅकेटमधलं, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पोकळीतलं, पाणी कोणी सोडलं नाही, आणि त्याचे दोन आजार ठरलेले असतात.

पहिला आजार फ्युएल पंपाचा, आणि तोच जिवावर बेततो. डिझेलमध्ये पाणी सुटून पंपाचा एलिमेंट (डिझेल दाबणारा दट्ट्या आणि त्याचं नळकांडं) आणि कंट्रोल रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) गंजून धरतात. इंजिन उभं असताना फेऱ्या आवरणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग रॅकला पूर्ण डिझेलच्या बाजूला ओढून ठेवत असते, कारण फेऱ्या वाढल्यावर वजनं फाकून ती मागे आणणार असतात. रॅक त्याच जागी जाम झालेली असेल तर इंजिन पेटल्याबरोबर पळत सुटतं आणि गव्हर्नर त्याला आवरू शकत नाही. दीडपट-दुप्पट फेऱ्यांवर बिडाचं फ्लायव्हील फुटू शकतं. म्हणून हँडलला हात लावण्याआधी पंप काढून रॅक बोटाने सरकवून बघायची. ती कुठेही न अडखळता गेली पाहिजे. अडखळली तर एलिमेंट केरोसीनमध्ये भिजवायचा. त्यानेही सुटला नाही तर नवा घालायचा, एमरी पेपरने घासायचा नाही. पहिल्यांदा सुरू करताना एअर क्लीनर काढून ठेवावा आणि हवेच्या तोंडापेक्षा मोठी जाड फळी हाताशी ठेवावी. इंजिन पळालं तर फळी तोंडावर दाबली की हवा तुटून ते बसतं. तळहात लावायचा नाही. कापडही लावायचं नाही, ते आत ओढलं जातं.

दुसरा आजार क्षाराचा. आपल्या विहिरींचं पाणी जड आहे. ते वर्षानुवर्षं जॅकेटमधून फिरलं की आतून चुन्यासारखा थर धरतो, आणि उरलेलं साधं पाणी खालच्या बाजूला गंजाचा लगदा करून ठेवतं. काही गॅरेजवाले मिठाचं तेजाब ओततात. बीड खाल्लं जातं आणि कुठे अ‍ॅल्युमिनियमचा भाग असला तर तो जातोच. किराणा दुकानातलं लिंबूसत पुरतं. दहा लिटर कोमट पाण्याला अर्धा ते एक किलो, चार-सहा तास ठेवून फेस थांबला की सोडून द्यायचं, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळबळून काढायचं. ही शेवटची पायरी टाळली तर दुसऱ्या दिवशी आत लाल गंज फुललेला दिसतो.

लिस्टर घराण्यात आणखी एक गोष्ट बघावी. फ्लायव्हील शाफ्टला उताराच्या चावीने पक्कं केलेलं असतं. चावी सैल राहून इंजिन चाललं असेल तर चाकाच्या तुंब्यात (मधल्या जाड भागात), चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून, केसासारखी चीर जाते. चाक टांगून हातोडीने हलकेच वाजवावं. निरोगी बीड घंटेसारखं वाजतं, चिरलेलं मडक्यासारखं. शंका आली तर केरोसीनचा बोळा फिरवून कोरडं पुसावं आणि वर खडू घासावा. चीर असली तर थोड्या वेळात केरोसीन बाहेर येऊन खडूवर काळी रेघ उमटते. असं चाक वेल्डिंग करून लावू नये. ते शोभेला ठेवावं.

मूळ इंग्लिश लिस्टरच्या हेडला एका बाजूला हाताने फिरवायचं छोटं चाक असतं. ते आत घट्ट केलं की दाब वाढतो. सुरू करताना आणि हलक्या लोडवर तसं ठेवायचं, पूर्ण लोडवर सैल करायचं. राजकोटच्या बऱ्याच नकलांना ते नसतं, त्यामुळे कोणतं इंजिन दारी आलं आहे ते ओळखायलाही हे चाक कामी येतं.

ओळखीचा दुसरा पुरावा आट्यांमध्ये असतो, आणि नवशिके इथेच नुकसान करतात. इंग्लिश इंजिनांवर व्हिटवर्थ आटे, म्हणजे ५५ अंशांचे. अमेरिकन वळणाच्या यंत्रांवर यूएनसी (जाड) आणि यूएनएफ (बारीक) आटे, ६० अंशांचे. झेटर, आयशर या ट्रॅक्टरांवर मेट्रिक. आपले मिस्त्री सगळं सुतात मोजतात, एक सूत म्हणजे एक अष्टमांश इंच. दोन सुती, तीन सुती बोल्टला व्हिटवर्थ आणि यूएनसीचे आटे इंचाला सारखेच पडतात, अनुक्रमे २० आणि १६, त्यामुळे चुकीचा नटही गोड बसतो. चार सुतीला मात्र व्हिटवर्थचे इंचाला १२ आणि यूएनसीचे १३. नट तीन-चार फेरे जातो, मग जड होतो, मिस्त्री पाइप लावून दाबतो आणि जुना स्टड सोललेला बाहेर येतो. आटे मोजायचा पिच गेज शे-दोनशे रुपयांत मिळतो, तो आधी घ्यावा.

ट्रॅक्टर या सगळ्यानंतरचा. तापीकाठच्या काळ्या जमिनीत कुंदा आणि हरळी खोल मुळं धरतात, आणि कुंदा काढायला सहा-आठ बैलांचा लोखंडी नांगर लागे. ट्रॅक्टरची पहिली ओळख झाली ती या खोल नांगरटीमुळे. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमध्ये पाच लाखांवर तयार झालेला करडा फर्ग्युसन टीई-२०, निळा फोर्डसन मेजर, मग मॅसी फर्ग्युसन ३५ अशी परदेशी मंडळी आधी आली. देशात पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये आयशरने फरिदाबादला बांधला. साठच्या दशकात मद्रासला मॅसी, मुंबईला इंटरनॅशनल कंपनीचा बी-२७५ बनू लागला. पूर्व युरोपातून झेटर, उर्सुस, बेलारूस येत होते. १९७१ मध्ये पिंजोरला एचएमटीने झेटर बनवायला घेतला, आणि तो विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला.

या वंशावळीवरून पार्टचा अंदाज बांधता येतो. बी-२७५ चे वंशज महिंद्राच्या २७५ मध्ये आजही आहेत. मॅसीच्या तीन सिलिंडरच्या पर्किन्स इंजिनाचे पार्ट जळगाव-धुळ्याच्या दुकानांत मिळतात. सुरुवातीच्या काही मॅसी ३५ मध्ये मात्र स्टँडर्डचं चार सिलिंडरचं इंजिन होतं. ते थंडीत सुरू व्हायला कुरकुरे आणि त्याचे पार्ट शोधताना दमछाक होते. बॉनेट उघडून नोझल मोजल्याशिवाय सौदा करू नये. उर्सुस, बेलारूस घेताना दोन मेलेल्यांतून एक जिवंत होतो असं धरून चालावं.

ट्रॅक्टर थांबतो तो बहुधा वाटणीत किंवा कर्जात. मग तो बांधावर उघडा उभा राहतो आणि पावसाचं पाणी उभ्या सायलेन्सरमधून आत जातं. ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्या क्षणी उघडा होता, तोच गंजतो, बाकीचे कोरडे. दुधाच्या पावडरचा एक डबा पाइपवर उलटा घातला असता तर इंजिन वाचलं असतं. जाम इंजिन दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून गिअरमध्ये ओढण्याची पद्धत सगळीकडे आहे आणि ती वाईट आहे. पिस्टन सुटायच्या आधी कनेक्टिंग रॉड वाकतो, किंवा अडकलेल्या व्हॉल्व्हवर पुशरॉड मुडपतो. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये निम्मं डिझेल, निम्मं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) असं शंभरेक मिलिलिटर ओतावं, आठ-दहा दिवस ठेवावं, मधे भर घालावी. मग फ्लायव्हीलला लांब बार लावून एकाच दिशेला जोर न देता मागे-पुढे डोलवावं. पहिल्या दिवशी दोन मिलिमीटर हललं तरी पुरे. त्याने नाहीच सुटलं तर हेड उतरवून सागाच्या ठोकळ्यावरून हलके ठोके. पर्किन्सचं जुळून आल्यावर टॅपेटची फट थंड इंजिनवर १२ थाऊ (इंचाचे बारा हजारांश) ठेवायची.

एअरकूल्ड आयशरला या पाण्याचा त्रास कमी, पण त्याच्या सिलिंडरच्या पाकळ्यांत कापसाची बोंडं, रुई आणि ऑइलचा चिखल बसतो. बाहेरून दिसत नाही. हवेचे पत्रे उतरवून लाकडी काडीने एकेक फट मोकळी करावी लागते.

पत्रे, ब्रॅकेट, साखळ्या यांचा गंज काढायला प्लास्टिकचा ड्रम, वीस लिटर पाण्याला शंभर ग्रॅम धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर एवढं पुरतं. गंजलेला भाग निगेटिव्हला, टाकाऊ लोखंडी पत्रा पॉझिटिव्हला. स्टेनलेसचा पत्रा वापरायचा नाही, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन सुटतो म्हणून हे काम उघड्यावर करायचं. अ‍ॅल्युमिनियम यात टाकलं तर ते विरघळतं.

रंगाच्या बाबतीत मतं दोन आहेत. आमचं मत असं की जुना रंग पन्नास टक्के जरी शिल्लक असेल तर तो धुऊन, तेल लावून राखावा. पोळ्याला गेरू आणि झेंडूची माळ घातलेला फिका मॅसी नव्या चकचकीत लालपेक्षा बरा दिसतो.

उरले कागद. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याचा अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत. २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे नियम आले ते दुचाकी आणि प्रवासी चारचाकींसाठी, ट्रॅक्टर त्यात बसत नाही. १९८९ पूर्वीचा ट्रॅक्टर असेल तर नंबर एमएच-१८ किंवा एमएच-१९ असा नसून बहुधा एम ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरांचा असतो. तो आरसी पुस्तकाशी ताडून बघावा, आणि नोंदणी रद्द झालेली नाही ना हे आरटीओत विचारूनच पैसे द्यावेत. चेसिस आणि इंजिन नंबरच्या जागी ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश लावू नये. केरोसीनने पुसून वर पातळ कागद धरावा, शिसपेन्सिल आडवी घासून ठसा घ्यावा आणि मगच त्या भागाला प्रायमर मारावा.