ओआयसीचं सदस्यत्व: अर्ज कुणाला करता येतो आणि तो अडतो कुठे

"भारतात इतके मुसलमान, मग ओआयसीत आपण का नाही?" स्पर्धा परीक्षेच्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो आणि उत्तर बहुतेकदा चुकतं. मुलं देशांच्या याद्या पाठ करतात, नियम वाचत नाहीत. म्हणून इस्लामी सहकार्य संघटनेचा, म्हणजे ओआयसीचा नियम जरा सावकाश बघू.

प्रक्रिया छोटी आहे. इच्छुक देश अर्ज करतो आणि परराष्ट्रमंत्र्यांची परिषद निर्णय देते. मुख्यालय सौदी अरेबियातल्या जेद्दाला, सध्याचे सदस्य ५७.

अडचण पात्रतेत आहे. २००८ साली डाकारला स्वीकारलेल्या सनदेचं कलम ३ काढा. अर्जदार देश संयुक्त राष्ट्रांचा सदस्य हवा, तिथे मुस्लिम बहुसंख्य हवेत, सनद पाळण्याची तयारी हवी. एवढं असूनही मान्यता मिळते ती 'केवळ एकमताने'.

तो 'केवळ' पेन्सिलने अधोरेखित करून ठेवा. एरवी या संघटनेत एकमत झालं नाही, तर हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने काम भागतं. सदस्यत्वाला ती सोय नाही. ५६ देश राजी असले आणि एक अडून बसला, तरी अर्ज तिथेच थांबतो.

"पण युगांडा, गॅबन, सुरिनाम, गयाना? तिथे तर मुस्लिम अल्पसंख्य आहेत!" बरोबर, पण ते सगळे जुन्या सनदेखाली आले. १९७२ च्या त्या सनदेत 'मुस्लिम देश' एवढाच शब्द होता, टक्केवारीचा पत्ता नव्हता, आणि दोन तृतीयांश बहुमत पुरत होतं. गयाना आला १९९८ मध्ये. नव्या अर्जदाराला हे दाखले उपयोगी पडत नाहीत.

सगळ्यात अवघड कागद संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यत्वाचा. कोसोवोत मुस्लिम बहुसंख्य आहेत, ओआयसीतल्या अनेक देशांनी त्याला मान्यताही दिली आहे. पण संयुक्त राष्ट्रांचा दरवाजा सुरक्षा परिषदेतून जातो आणि तिथे रशियाकडे नकाराधिकार आहे. म्हणजे जेद्दाचा अर्ज न्यूयॉर्कमध्ये अडतो. तिथल्या सामान्य माणसाचा यात काय दोष? मला ही अट इथे निष्ठुर वाटते. पॅलेस्टाईन संयुक्त राष्ट्रांचा पूर्ण सदस्य नसूनही ओआयसीत आहे, कारण तो जुना सदस्य आहे आणि जुन्यांचे हक्क कलम ३ नेच राखले आहेत.

अर्जदार सार्वभौम देश असावा लागतो, हेही विसरू नका. झांझिबार १९९३ मध्ये सदस्य म्हणून मिरवलं, पण ते टांझानियाचा भाग. देशात घटनेचा वाद पेटला आणि त्याच वर्षी बाहेर पडावं लागलं.

निरीक्षकपदासाठी, म्हणजे मताचा हक्क नसलेल्या हजेरीसाठी, कलम ४ आहे. त्यात मुस्लिम बहुसंख्येची अट नाही, म्हणूनच थायलंड १९९८ पासून आणि रशिया २००५ पासून निरीक्षक आहेत. पण 'केवळ एकमताने' इथेही आहेच. आणि निरीक्षकपदाला सदस्यत्वाची वेटिंग लिस्ट समजू नका. बोस्निया १९९४ पासून निरीक्षकच आहे.

आता भारत. बहुसंख्येच्या अटीमुळे सदस्यत्वाचा प्रश्न मिटतो, निरीक्षकपद उरतं. तिथे पाकिस्तान म्हणतो की सदस्य देशाशी वाद असलेल्याला ते देता येत नाही. २०१८ मध्ये ढाक्याच्या बैठकीत बांगलादेशने भारतासारख्या देशांना वाट मिळावी म्हणून सनदेत सुधारणा सुचवली होती, पण भारत आजही बाहेरच आहे.

ही गाठ जुनी आहे. सप्टेंबर १९६९, मोरोक्कोची राजधानी रबात. अल अक्सा मशिदीच्या जाळपोळीनंतर पहिली शिखर परिषद भरली होती. भारताला निमंत्रण मिळालं, राजदूत गुरबचन सिंग सभागृहात बसले, फखरुद्दीन अली अहमद यांच्या नेतृत्वाखालचं शिष्टमंडळ शहरात पोचलं. मग पाकिस्तानचे अध्यक्ष याह्या खान अडून बसले, भारत असेल तर मी येणार नाही. शिष्टमंडळाला पुढच्या बैठकीत बसताच आलं नाही. केवढा अपमान होता तो!

पन्नास वर्षांनी, १ मार्च २०१९ ला, अबू धाबीत ओआयसीच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीत तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज सन्माननीय पाहुण्या म्हणून बोलल्या. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री गैरहजर राहिले, पण निमंत्रण मागे घेतलं गेलं नाही. यावरून 'भारत निरीक्षक झाला' असं लिहिणारे दरवर्षी भेटतात. कृपा करून तसं लिहू नका. ते निमंत्रण यजमान संयुक्त अरब अमिरातीचं होतं आणि त्या एका बैठकीपुरतं होतं.