टेराफॉर्मिंग मार्स

टेराफॉर्मिंग मार्स : मंगळ ग्रह माणसाला राहण्याजोगा करण्याच्या कल्पनेवर बेतलेला, पटावर खेळायचा डावपेचांचा खेळ. स्वीडनच्या याकोब फ्रिक्सेलियस यांनी तो रचला आणि २०१६ मध्ये ‘फ्रिक्सगेम्स’ या त्यांच्या भावंडांच्याच कंपनीने तो प्रकाशित केला. चित्रे आयझॅक फ्रिक्सेलियस यांची आहेत. २०१७ मध्ये या खेळाला ‘डॉइचर श्पीलेप्राइस’ हा जर्मनीतील मानाचा पुरस्कार मिळाला. एक ते पाच जण तो खेळू शकतात. खोक्यावर दोन तास लिहिलेले असले, तरी चार-पाच जण बसले आणि त्यांत कोणी नवखे असले, तर तीन तास हाताशी ठेवावेत.

काळ चोविसाव्या शतकानंतरचा. प्रत्येक खेळाडू एक कंपनी चालवतो आणि सगळ्या कंपन्या मिळून एकाच मंगळाचा कायापालट करतात. पटावर तीन मोजपट्ट्या आहेत : तापमान उणे ३० पासून अधिक ८ अंश सेल्सिअसपर्यंत, ऑक्सिजन शून्यापासून १४ टक्क्यांपर्यंत आणि महासागरांच्या ९ चकत्या. १४ टक्के हा आकडा विचार करून घेतलेला आहे. पृथ्वीवर सुमारे ३००० मीटर उंचीवर श्वासाला जेवढा ऑक्सिजन मिळतो, साधारण तेवढाच तो. तिन्ही मोजपट्ट्या भरल्या की ती फेरी पुरी करून खेळ संपतो. फेरीला इथे ‘पिढी’ म्हणतात.

यांपैकी कोणतीही मोजपट्टी एक घर पुढे सरकवणाऱ्याचा मानांक, म्हणजे मंगळ घडवण्यातला त्याचा वाटा दाखवणारा आकडा, एकाने वाढतो. मानांक सर्वांचा २० पासून सुरू होतो. तोच शेवटी गुणांत धरला जातो आणि दर पिढीला तेवढेच मेगाक्रेडिट, म्हणजे खेळातले पैसे, हातात पडतात. म्हणून दुसऱ्या पिढीत वाढवलेला एक अंक अखेरपर्यंत उत्पन्न देत राहतो. दुसरीकडे पोलाद, टायटॅनियम, वनस्पती, ऊर्जा आणि उष्णता यांचे उत्पादन बसवण्यातही पैसा घालावा लागतो आणि त्याचे फळ उशिरा मिळते. या दोन वाटांच्या ओढाताणीतच खेळाची सारी गोडी आहे. ज्याचे उत्पादन जोरात आहे त्याला डाव लांबायला हवा असतो. ज्याचा मानांक पुढे आहे तो मोजपट्ट्या भराभर भरून डाव आटोपू पाहतो. किती पिढ्या खेळायच्या हे नियमात ठरलेले नाही, ते टेबलाभोवती बसलेली माणसेच ठरवतात. डावपेचांच्या फार थोड्या खेळांना ही गोष्ट इतकी सहज साधली आहे.

खेळाच्या सुरुवातीला दहा आणि पुढे प्रत्येक पिढीच्या सुरुवातीला चार पत्ते मिळतात आणि ठेवायच्या प्रत्येक पत्त्याला ३ मेगाक्रेडिट मोजावे लागतात. पत्ते दोनशेहून अधिक आणि सगळे वेगळे. बऱ्याच पत्त्यांना हवामानाची अट असते. ‘बर्ड्स’ हा पत्ता ऑक्सिजन १३ टक्के झाल्याशिवाय टाकता येत नाही, कारण त्याआधी पक्षी जगणार कसे? उलट ‘आर्क्टिक अल्गी’ हे शेवाळ उणे १२ अंश किंवा त्याहून कमी तापमानातच टाकता येते. ते टाकून बसलेल्याला पुढे कोणीही महासागर ठेवला तरी दोन वनस्पती मिळतात. म्हणजे शेजाऱ्याच्या पाण्यावर आपले हिरवे वाढते. आठ वनस्पती जमल्या की हरित चकती ठेवता येते आणि ऑक्सिजन वाढतो. आठ उष्णतांनी तापमान एक घर, म्हणजे दोन अंशांनी, चढते. पाळी आली की एक किंवा दोन कृती कराव्यात, नाहीतर त्या पिढीपुरते ‘पास’ म्हणून थांबावे.

थेट हल्ला फार कमी. ‘अ‍ॅस्टरॉइड’ पत्ता टाकणारा कोणाच्याही तीन वनस्पतींपर्यंत नष्ट करू शकतो, आणि सात जमवून आठवीची वाट पाहणाऱ्याला ते चांगलेच लागते. खरी चुरस जागेची आणि बहुमानांची, म्हणजे अखेरीस मिळणाऱ्या जादा गुणांची, असते. शहराला शेजारच्या प्रत्येक हरित चकतीमागे एक गुण मिळतो, मग ती चकती कोणाचीही असो; त्यामुळे दुसऱ्याच्या बागेला खेटून शहर वसवणे हा नेहमीचा डाव आहे. ‘बँकर’सारखा बहुमान पहिल्यांदा जाहीर करायला ८ मेगाक्रेडिट लागतात, पण तो जाहीर करणाऱ्यालाच मिळेल असे नाही. अखेरीस पैशाचे उत्पादन ज्याचे सर्वाधिक, त्याला ‘बँकर’चे पाच गुण. भावाने पैसे भरून जाहीर केलेला बहुमान बहिणीने शेवटच्या पिढीत पटकावला, की घरात त्याची आठवण पुढे बरेच दिवस निघते.

घरच्यांसोबत पहिला डाव मांडताना नवख्यांना ‘बिगिनर कॉर्पोरेशन’ द्यावी. तिच्यात ४२ मेगाक्रेडिट आणि सुरुवातीचे दहाही पत्ते फुकट मिळतात, त्यामुळे काय ठेवावे आणि काय सोडावे याचा घोळ टळतो. ‘इकोलाइन’ला हरित चकती सात वनस्पतींतच पडते, ‘हेलिओन’ उष्णता पैशासारखी वापरते. अशा कंपन्या दुसऱ्या डावापासून घ्याव्यात. पत्त्यांवर इंग्रजी मजकूर बराच असतो. आजी किंवा धाकटी मुले खेळत असतील, तर जोडीने खेळावे : एकाने पत्ता वाचून मराठीत सांगायचा, निर्णय दोघांनी घ्यायचा. चिन्हे तीच ती येत असल्याने दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपर्यंत ती ओळखीची होतात.

मूळ खेळात एक उणीव आहे. उत्पादनाची नोंद ठेवायचा प्रत्येकाचा तक्ता पातळ आणि सपाट आहे, त्यावर छोटे ठोकळे नुसते ठेवलेले असतात. कोणाचा हात लागला की कोणाचे पोलाद किती होते याचा वाद सुरू होतो. म्हणून बरेच जण खाचा असलेले तक्ते वेगळे घेतात. २०१८ मध्ये आलेली ‘प्रील्यूड’ ही पुरवणी मात्र आवर्जून घ्यावी. तिच्यामुळे प्रत्येकाची सुरुवात वेगळी आणि भक्कम होते, आणि पहिल्या दोन-तीन पिढ्यांची रेंगाळ जाते.