बिटकॉइन : वॉलेट, व्यवहार आणि मायनिंग

बिटकॉइन हे कोणत्याही सरकारने किंवा बँकेने न काढलेले, केवळ संगणकांच्या जाळ्यावर चालणारे डिजिटल चलन असून त्याचा सारा हिशेब जगभरातील हजारो संगणकांवर एकसारख्या प्रतींत ठेवलेल्या सार्वजनिक खातेवहीत लिहिलेला असतो. व्यवहारांचे गट, म्हणजे ब्लॉक, एकामागून एक जोडून बनलेल्या या खातेवहीला ब्लॉकचेन म्हणतात. सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या व्यक्तीने किंवा गटाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी या व्यवस्थेची रूपरेषा मांडणारा नऊ पानी लेख प्रसिद्ध केला. ३ जानेवारी २००९ ही पहिल्या ब्लॉकची तारीख आहे आणि त्या दिवशीच्या लंडनच्या ‘द टाइम्स’मधील, बँकांना द्यावयाच्या सरकारी मदतीविषयीचा मथळा त्या ब्लॉकमध्ये कायमचा नोंदलेला आहे. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग पडतात आणि त्या सर्वांत लहान भागाला सातोशी म्हणतात. त्यामुळे अख्खे बिटकॉइन घ्यावे लागते, हा समज चुकीचा आहे.

नवख्या माणसाच्या बहुतेक शंका तीन गोष्टींभोवती फिरतात : नाणी ठेवलेली कुठे असतात, ती एकाकडून दुसऱ्याकडे जातात कशी आणि मायनिंगमध्ये, म्हणजे खातेवहीत नवे ब्लॉक जोडण्याच्या कामात, नेमके काय केले जाते. या तिन्ही शंकांच्या मुळाशी एकच बाब आहे. बिटकॉइन नावाची कोणतीही फाइल किंवा वस्तू कोणाच्याही मोबाइलमध्ये वा संगणकात नसते. असतात त्या फक्त खातेवहीतील नोंदी, आणि कोणती नोंद कोण खर्च करू शकतो हे ठरवणाऱ्या गुप्त संख्या. ही बाब न समजल्यामुळे लोकांनी पैसे गमावल्याची उदाहरणे भारतात आणि विशेषतः महाराष्ट्रात घडलेली असल्याने ती सविस्तर पाहणे आवश्यक आहे.

वॉलेट

वॉलेट म्हणजे बिटकॉइन वापरण्याचे अ‍ॅप किंवा उपकरण. त्यात नाणी नसतात, चाव्या म्हणजे वर सांगितलेल्या गुप्त संख्या असतात. प्रायव्हेट की म्हणजे यदृच्छेने निवडलेली २५६ बिटांची एक संख्या. दशमान पद्धतीत लिहिली तर ती साधारण ७८ अंकी होते. तिच्यावर लंबवर्तुळी वक्राचे गणित करून पब्लिक की काढली जाते आणि पब्लिक कीपासून पत्ता तयार होतो. हा प्रवास एकाच दिशेने होतो : प्रायव्हेट कीवरून पत्ता क्षणात मिळतो, मात्र पत्त्यावरून प्रायव्हेट की शोधणे आजच्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्यात नाही. नवीन पत्ता तयार करताना कुठेही नोंदणी करावी लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. दोघांनी योगायोगाने तीच संख्या निवडली तर काय, ही शंका रास्त आहे; परंतु उपलब्ध संख्यांचा विस्तार इतका अफाट आहे की संख्या खरोखर यदृच्छेने निवडली असेल, तर तसे घडण्याची शक्यता व्यवहारात शून्य धरली जाते. ही अट मात्र महत्त्वाची आहे. मनाने निवडलेला आकडा किंवा एखाद्या प्रसिद्ध वाक्यापासून बनवलेली की चोरांचे संगणक सहज हुडकतात.

पत्त्यांचे काही प्रकार आहेत. जुने पत्ते १ या अंकाने, त्यानंतरचे ३ ने आणि अलीकडचे ‘बीसी१’ या अक्षरांनी सुरू होतात. प्रत्येक पत्त्यात तपासणीची काही अक्षरे गुंफलेली असतात, त्यामुळे टंकताना एखादे अक्षर चुकले तर वॉलेट तो पत्ता स्वीकारतच नाही. मात्र पत्ता बिनचूक असून माणूस भलताच असेल, तर ही तपासणी उपयोगाची नाही. काही घातक प्रोग्रॅम कॉपी केलेल्या पत्त्याच्या जागी परस्पर चोराचा पत्ता चिकटवतात, म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी पत्ता मूळ पत्त्याशी अक्षर न अक्षर ताडून पाहावा लागतो.

७८ अंकी संख्या लिहून ठेवणे अवघड असल्याने २०१३ पासून सीड फ्रेजची पद्धत रूढ झाली. ठरलेल्या २,०४८ शब्दांच्या यादीतून १२ किंवा २४ शब्द विशिष्ट क्रमाने दिले जातात आणि त्यांच्यापासून वॉलेटमधील सर्व चाव्या पुन्हा निर्माण करता येतात. मोबाइल हरवला, फुटला किंवा वॉलेट बनवणारी कंपनी बंद पडली तरी हे शब्द कागदावर नीट लिहिलेले असल्यास दुसऱ्या सुसंगत वॉलेटमध्ये सारी रक्कम परत दिसू लागते. शब्दच हरवले आणि यंत्रही गेले, तर रक्कम खातेवहीत सर्वांना दिसत राहते पण कोणालाच खर्च करता येत नाही. पासवर्ड बदलून देणारे कार्यालय या व्यवस्थेत नाही. शब्द ज्याच्या हाती लागतील तो रकमेचा मालक असल्यासारखा वागू शकतो, म्हणून त्यांचा फोटो काढणे, ते व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवणे किंवा ‘कस्टमर केअर’च्या नावाने मागणाऱ्याला सांगणे म्हणजे रक्कम देऊन टाकणेच होय.

मोबाइलवरील वॉलेटमध्ये चाव्या इंटरनेटशी जोडलेल्या यंत्रात राहतात. हार्डवेअर वॉलेटमध्ये त्या वेगळ्या लहान उपकरणात राहतात व व्यवहारावरची डिजिटल स्वाक्षरीही त्या उपकरणाच्या आतच होते. एक्स्चेंजवर, म्हणजे खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडे, खरेदी केलेल्या बिटकॉइनचा प्रकार याहून निराळा आहे. तेथे चाव्या एक्स्चेंजकडे असतात आणि ग्राहकाला दिसणारा आकडा हा त्या कंपनीच्या स्वतःच्या हिशेबातील देणे असते. टोकियोतील माउंट गॉक्स हे एक्स्चेंज २०१४ मध्ये बुडाले तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन बेपत्ता असल्याचे जाहीर झाले, त्यांपैकी सुमारे दोन लाख पुढे एका जुन्या वॉलेटमध्ये सापडले. भारतातील वझीरएक्स या एक्स्चेंजवर जुलै २०२४ मध्ये झालेल्या चोरीत २३ कोटी डॉलरहून अधिक किमतीची क्रिप्टो मालमत्ता, म्हणजे बिटकॉइनच्या धर्तीवरची डिजिटल नाणी, गेली आणि ग्राहकांचे पैसे दीर्घकाळ अडकले.

व्यवहार

बँकेच्या खात्यात एकच शिल्लक असते व ती कमी-जास्त होते. बिटकॉइनच्या खातेवहीत अशी शिल्लक लिहिलेलीच नसते. तेथे असतात पूर्वीच्या व्यवहारांतून आलेल्या आणि अद्याप न खर्चलेल्या सुट्या नोंदी. वॉलेट त्यांची बेरीज करून आपल्याला शिल्लक म्हणून दाखवते. ही नोंद पाचशेच्या नोटेसारखी आहे : फाडून अर्धी देता येत नाही, पूर्ण द्यावी लागते आणि उरलेले पैसे परत घ्यावे लागतात.

समजा, एखाद्या व्यक्तीकडे ५०,००,००० सातोशींची एकच नोंद आहे आणि तिला १२,००,००० सातोशी कोणाला तरी द्यायचे आहेत. वॉलेट ती अख्खी नोंद खर्च करते आणि दोन नव्या नोंदी निर्माण करते : एक समोरच्याच्या पत्त्यावर १२,००,००० सातोशींची, दुसरी स्वतःच्याच एका नव्या पत्त्यावर उरलेल्या रकमेची. आजच्या प्रचलित पत्त्यांच्या अशा व्यवहाराचा आकार हिशेबासाठी साधारण १४१ आभासी बाइट (शुल्क मोजण्याचे आकाराचे एकक) धरला जातो. शुल्काचा दर प्रति आभासी बाइट १० सातोशी असेल तर शुल्क १,४१० सातोशी होते, आणि परत येणारी नोंद ३७,९८,५९० सातोशींची असते. व्यवहारात शुल्काचा रकाना कुठेही नसतो. आत आलेली रक्कम वजा बाहेर गेलेली रक्कम, जे उरेल ते शुल्क. म्हणून परतीची नोंद करण्यात चूक झाली तर फरकाची सगळी रक्कम शुल्क म्हणून निघून जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये पॅक्सोस या अमेरिकी कंपनीच्या प्रणालीतील दोषामुळे ०.०७४ बिटकॉइन पाठवण्याच्या व्यवहारावर सुमारे १९.८ बिटकॉइन शुल्क गेले. एफटूपूल या मायनरांच्या, म्हणजे ब्लॉक रचून शुल्क मिळवणाऱ्यांच्या, गटाने ते पुढे परत केले, पण तशी सक्ती त्याच्यावर नव्हती.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट कळते. शुल्क रकमेवर नव्हे, व्यवहाराच्या आकारावर ठरते. शंभर रुपये किमतीचे आणि शंभर कोटी किमतीचे बिटकॉइन पाठवायला सारखेच शुल्क पडू शकते. उलट लहानलहान अनेक नोंदी गोळा करून केलेला किरकोळ व्यवहार महाग पडतो.

व्यवहार तयार झाल्यावर वॉलेट त्यावर प्रायव्हेट कीने डिजिटल स्वाक्षरी करते आणि तो जाळ्यातील नोड म्हणवल्या जाणाऱ्या संगणकांकडे पाठवते. या सगळ्यात प्रायव्हेट की यंत्राबाहेर जात नाही, फक्त तिच्यापासून काढलेली स्वाक्षरी जाते. प्रत्येक नोड स्वतंत्रपणे तपासतो की स्वाक्षरी खरी आहे का, ती नोंद आधीच खर्च झालेली नाही ना, आणि बाहेर जाणारी रक्कम आत आलेल्या रकमेपेक्षा जास्त नाही ना. तपासणीत उतरलेला व्यवहार मेमपूल नावाच्या प्रतीक्षायादीत थांबतो. मायनर त्यातून सहसा जास्त दराचे व्यवहार आधी उचलतात, त्यामुळे गर्दीच्या दिवशी कमी शुल्काचा व्यवहार तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस अडकतो. अशा वेळी पैसे हरवले असे समजून घाबरण्याचे कारण नाही : अनेक वॉलेटांत शुल्क वाढवून तोच व्यवहार पुन्हा पाठवता येतो, आणि कोणीच उचलला नाही तर बहुतेक नोड साधारण १४ दिवसांनी तो यादीतून काढून टाकतात व ती नोंद पुन्हा मोकळी झालेली दिसते.

व्यवहार ब्लॉकमध्ये गेला की त्याला एक कन्फर्मेशन मिळाले असे म्हणतात. त्यावर आणखी ब्लॉक रचले जातात तसतशी कन्फर्मेशने वाढतात. मोठ्या रकमेसाठी सहा कन्फर्मेशनांपर्यंत, म्हणजे सरासरी तासभर थांबण्याचा प्रघात आहे. त्यानंतर व्यवहार फिरवणे जवळजवळ अशक्य असते आणि चुकीच्या पत्त्यावर गेलेली रक्कम परत मिळवण्याचा एकमेव मार्ग म्हणजे घेणाऱ्याने ती स्वखुशीने पाठवणे. बिटकॉइन पूर्णपणे निनावी आहे, हा समजही खरा नाही. खातेवहीत नावे नसली तरी प्रत्येक व्यवहार कायम सर्वांना दिसतो, आणि एखादा पत्ता कोणाचा हे एकदा कळले की त्याचा मागचा-पुढचा माग काढता येतो; तपासयंत्रणा नेमके हेच करतात.

मायनिंग

मायनर अवघड गणिते सोडवतात, असे सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात त्यात सोडवण्यासारखे गणित नाही, अव्याहत अंदाज आहेत. मायनर मेमपूलमधून व्यवहार निवडून ब्लॉक रचतो. ब्लॉकच्या माथ्यावर ८० बाइटांचे शीर्ष असते. त्यात आधीच्या ब्लॉकचा हॅश (माहितीवर ठरलेली गणिती क्रिया करून मिळणारी, तिच्या ठशासारखी संख्या), या ब्लॉकमधील सर्व व्यवहारांचे सार, वेळ, काठिण्याचा म्हणजे हॅश किती लहान यायला हवा याचा निर्देश आणि नॉन्स नावाची ३२ बिटांची संख्या असते. या शीर्षावर एसएचए-२५६ ही क्रिया लागोपाठ दोनदा केल्यावर येणारा हॅश ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान आला तरच ब्लॉक ग्राह्य ठरतो. शीर्षातील एक बिट बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो आणि तो काय येईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून नॉन्स बदलत प्रयत्न करत राहण्यावाचून मार्ग नाही. नॉन्सच्या शक्यता सुमारे ४२९ कोटी आहेत. आजचे यंत्र सेकंदाला शेकडो लाख कोटी प्रयत्न करते, त्यामुळे त्या क्षणार्धात संपतात आणि ब्लॉकमधील अन्य घटक बदलून पुन्हा सुरुवात करावी लागते. पूर्वीचे अपयशी प्रयत्न पुढे काहीही कामाला येत नाहीत. उत्तर सापडल्यावर ते तपासायला मात्र साध्या संगणकालाही क्षणच लागतो.

एवढी वीज खर्च करण्यामागे हेतू आहे. जुना ब्लॉक बदलायचा तर त्याचे आणि त्यानंतरच्या प्रत्येक ब्लॉकचे काम पुन्हा करून प्रामाणिक मायनरांना गाठावे लागते, आणि हा खर्चच खातेवहीचे रक्षण करतो. निम्म्याहून अधिक मायनिंग शक्ती एकाच्या हाती गेली तर तो स्वतःचे अलीकडचे व्यवहार फिरवू शकतो किंवा इतरांचे अडवू शकतो. दुसऱ्याची नाणी खर्च करणे तरीही त्याला जमत नाही, कारण त्यासाठी त्या दुसऱ्याची चावी हवी. नियमही मायनर ठरवत नाहीत; नोड चालवणारे कोणते सॉफ्टवेअर स्वीकारतात त्यावर ते ठरतात. १५ ऑगस्ट २०१० रोजी सॉफ्टवेअरमधील त्रुटीमुळे एका व्यवहारातून १८,४०० कोटींहून अधिक बिटकॉइन निर्माण झाले, तेव्हा काही तासांत दुरुस्ती प्रसिद्ध झाली, ती स्वीकारणाऱ्यांनी त्या ब्लॉकविना नवी साखळी चालवली आणि ती नाणी नाहीशी झाली.

ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी यावा यासाठी दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, काठिण्य आपोआप बदलते. चीनने २०२१ मध्ये मायनिंगवर बंदी आणली तेव्हा जगातील मायनिंग शक्ती जवळपास निम्म्यावर आली, ब्लॉक बरेच उशिरा येऊ लागले, आणि ३ जुलै २०२१ रोजी काठिण्य सुमारे २८ टक्क्यांनी उतरून गाडी रुळावर आली. कोणालाही बैठक घ्यावी लागली नाही, हे या रचनेचे मोठे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

ब्लॉक रचणाऱ्याला नवी नाणी आणि व्यवहारांचे शुल्क मिळते. बक्षीस सुरुवातीला ५० बिटकॉइन होते. दर २,१०,००० ब्लॉकनंतर ते निम्मे होते. २०१२, २०१६, २०२० व एप्रिल २०२४ मधील कपातींनंतर ते ३.१२५ आहे. या उतरत्या मालिकेमुळेच एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाही. प्रारंभी घरच्या संगणकावर मायनिंग होत असे, पुढे ग्राफिक कार्डे आली, आणि २०१३ पासून केवळ याच कामासाठी बनवलेल्या चिपांनी ती जागा घेतली. मोबाइल अ‍ॅपवर बिटकॉइन मायनिंग करून कमाई होते हा दावा म्हणूनच विश्वासार्ह नाही. एकट्या यंत्राला ब्लॉक सापडण्याची शक्यता अत्यल्प असल्याने मायनर पूलमध्ये एकत्र येऊन मिळकत कामाच्या प्रमाणात वाटून घेतात.

मायनिंगचे उत्पन्न किंमत, काठिण्य आणि वीजदर यांवर अवलंबून सतत बदलते. त्याची ठरावीक हमी कोणीही देऊ शकत नाही. गेनबिटकॉइन या योजनेने नेमकी तीच हमी दिली होती : क्लाउड मायनिंगच्या, म्हणजे दुसरीकडे चालणाऱ्या मायनिंग यंत्रांत पैसे गुंतवण्याच्या, नावाखाली १८ महिने दरमहा १० टक्के परतावा. त्यात महाराष्ट्रातील अनेक गुंतवणूकदार फसले, २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटका केल्या आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास सीबीआयकडे गेला. योजना चालू असतानाच, जुलै २०१६ मध्ये, ब्लॉकचे बक्षीस २५ वरून १२.५ बिटकॉइनवर आले होते, तरी परताव्याची हमी ठरावीकच होती.

भारतातील कायदेशीर स्थिती

भारतात बिटकॉइन कायदेशीर चलन नाही, मात्र ते बाळगण्यावर बंदीही नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना क्रिप्टो व्यवसायांना सेवा देण्यास मनाई केली होती; ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. २०२२ च्या अर्थसंकल्पाने बिटकॉइनसारख्या आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला आणि १ जुलै २०२२ पासून हस्तांतरणावर १ टक्का टीडीएस (आधीच कापून घेतला जाणारा कर) लागू झाला. एका व्यवहारातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करता येत नाही. मायनिंगसाठी उभारलेल्या यंत्रणेचा खर्च करासाठी संपादनाचा (मालमत्ता मिळवण्याचा) खर्च म्हणून धरला जाणार नाही, असे केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत स्पष्ट केले. मार्च २०२३ पासून क्रिप्टो एक्स्चेंज आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत असून त्यांना ग्राहकांची ओळख पटवून नोंदी ठेवाव्या लागतात.