यमक, चित्र आणि पान उलटण्याचा क्षण

यमकातले चित्रपुस्तक मोठ्याने वाचून दाखवताना मूल खुलते ते तीन गोष्टींमुळे: कानाला लागलेला ठेका, डोळ्यांसमोरचे चित्र आणि पुढच्या पानाची ओढ. या तिन्ही गोष्टी एका पुस्तकात नांदायला दोनशेहून अधिक वर्षे लागली.

बडबडगीते छापली जाण्याच्या कितीतरी आधीपासून तोंडोतोंडी चालत आली आणि यमकामुळेच टिकली. चित्र आले ते शिकवण्यासाठी. शिक्षणतज्ज्ञ योहान आमोस कोमेनियस यांचे लॅटिन-जर्मन सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला निघाले. त्यात यमक नव्हते, पण सुरुवातीची अक्षरमाला प्राण्यांच्या आवाजांतून शिकवली होती. कावळा आणि कोकरू कसे ओरडतात हे तिथे लिहिले आहे, म्हणजे ते पान गप्प बसून वाचण्याचे नव्हतेच. पुढे १७४४ मध्ये लंडनला बालगीतांचा एक संग्रह निघाला. उंची जेमतेम तीन इंच, पाने आलटून पालटून लाल आणि काळ्या शाईत. मोठ्यांच्या नव्हे, मुलाच्या हातात मावेल असे हे गाण्यांचे पुस्तक होते.

१८४४ च्या नाताळात फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक शोधत होते. दुकानांतली पुस्तके उपदेशाने भरलेली. शेवटी त्यांनी कोरी वही आणली आणि स्वतःच कविता रचून चित्रे काढली. पुढच्याच वर्षी ती छापली गेली. त्यात खोडकर मुलांना होणाऱ्या शिक्षा आज फार कठोर वाटतात, पण यमक आणि चित्र एकाच हाताने, एकाच मुलासाठी घडले होते.

खरी कलाटणी १८७८ ची. मुद्रक एडमंड इव्हान्स लाकडी ठशांनी रंगीत छपाई करत. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा लागे. त्यांच्यासाठी चित्रकार रँडॉल्फ कॉल्डेकॉट यांनी १८७८ ते १८८५ या काळात १६ पुस्तके केली. त्यांनी जुनी यमके घेतली, ओळी तोडल्या आणि एकेका तुकड्याला स्वतंत्र चित्र दिले. एका बालगीतात बशी चमच्याबरोबर पळून जाते. गीत तिथे संपते, पण पान उलटले की शब्दाविना चित्र दिसते: बशी फुटून पडलेली, आणि सुरी-काटा चमच्याला दोन्ही बाजूंनी धरून नेत आहेत. ओळ मोठ्यांनी वाचायची आणि पुढचे मुलाने चित्रातून सांगायचे, अशी वाटणी इथे झाली. आजची चित्रपुस्तकेही याच पायावर उभी आहेत.

वाचायला शिकवण्याच्या पुस्तकांत यमक ठसठशीतपणे आले ते १९५७ मध्ये. शाळेची वाचनपुस्तके नीरस असल्याची टीका १९५४ मध्ये अमेरिकेत गाजली होती. त्यानंतर लेखक-चित्रकार डॉ. स्यूस यांनी ठरावीक शब्दयादीतून निवडलेल्या अवघ्या २३६ वेगवेगळ्या शब्दांत मांजराची गोष्ट लिहिली. शब्द इतके कमी असूनही ती कंटाळवाणी होत नाही, कारण दोन हलके आणि एक जोरकस असा आघातांचा ठेका वाचणाऱ्याला पुढे ओढत नेतो.

यमक ओळखणे आणि वाचन यांचा संबंध तपासणारा, मानसशास्त्रज्ञ लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी चार-पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांना काही शब्द ऐकवून आवाजात न जुळणारा शब्द ओळखायला सांगितले. ज्यांना ते चांगले जमले, ती मुले पुढे वाचनात आणि शुद्धलेखनात सरस ठरली.

हा सगळा इतिहास वाचणाऱ्याच्या आवाजात उतरायला हवा. बहुतेक चित्रपुस्तके ३२ पानांची असतात, म्हणजे १६ पानी दोन फर्मे (एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली पाने). त्यातून शीर्षकाची पाने वगळली की गोष्टीला १२ ते १४ जोडपाने, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, उरतात. प्रत्येक उलटणे मोलाचे, म्हणून पानाचा कोपरा आधीच बोटात धरावा आणि ओळ संपेपर्यंत उलटू नये. ओळखीच्या पुस्तकात यमकाच्या शब्दाआधी दोन-तीन सेकंद थांबावे. मूल बोलले नाही तर शब्द आपणच सहज म्हणावा, त्याची परीक्षा करू नये.

बिघडते ते बहुधा दोन ठिकाणी. प्रत्येक ओळीचे शेवटचे अक्षर ताणले की वाचन पाढ्यासारखे होते आणि अर्थ हरवतो. जोर अर्थाच्या शब्दावर द्यावा, यमक आपोआप ऐकू येते. दुसरे म्हणजे अवघड शब्द सोपा करून वाचणे. त्याने मात्रा बिघडतात आणि पुढची ओळ लंगडते. अर्थ कडवे संपल्यावर सांगावा. चित्रावरचे प्रश्नही तेव्हाच. पुस्तक घेण्याआधी आठ ओळी मोठ्याने वाचून पाहाव्यात. जीभ दोनदा अडखळली, तर दोष वाचणाऱ्याचा नसतो, रचनेचा असतो, आणि भाषांतरित पुस्तकांत तो अधिक आढळतो.