निर्जन किनारा आणि सुसह्य किनारा

आवाज, उजेड, वास किंवा स्पर्श यांचा त्रास ज्यांना इतरांपेक्षा लवकर आणि तीव्रतेने होतो, अशा माणसाला घेऊन शनिवार-रविवार कोकणात जायचे ठरले, की घरातील प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो तो गर्दी कुठे नसेल हा. प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो अपुरा आहे. माणसे नसलेला, म्हणजे निर्जन किनारा आणि इंद्रियांना सोसवेल असा, म्हणजे सुसह्य किनारा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळदा त्या एकाच जागी सापडतात आणि त्यामुळेच त्यांची गल्लत होते. ही गल्लत स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांच्या पालकांना सर्वांत महागात पडते, कारण एक सहल बिघडली की पुढची कित्येक महिने ठरतच नाही. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या स्वमग्नतेच्या निकषांत संवेदनांना मिळणारा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद स्पष्टपणे नोंदवलेला आहे. तेव्हा मुलाला वाऱ्याचा किंवा वाळूचा त्रास होतो म्हणजे ते हट्टी आहे, असे मानण्याचे काही कारण उरलेले नाही.

निर्जन किनारा माणसांच्या संख्येवरून ठरतो. सुसह्य किनारा ठरवताना वेगळ्या गोष्टी पाहाव्या लागतात : तिथे कानांवर, डोळ्यांवर, त्वचेवर नेमके काय येऊन आदळते, ते केव्हा येणार हे आधी सांगता येते का, आणि सहन होईनासे झाले तर पाच-सात मिनिटांत अंधाऱ्या, थंड, ओळखीच्या खोलीत परतता येते का. माझ्या मते या शेवटच्या मुद्द्याला सर्वाधिक वजन द्यावे. आडवाटेच्या, दोन-तीन किलोमीटर लांब पसरलेल्या मोकळ्या पुळणीवर चिटपाखरू नसेल, पण तिथून गाडीपर्यंत तापलेल्या वाळूतून अर्धा तास चालावे लागत असेल आणि वाटेत सावलीला एक सुरूचे झाडही नसेल, तर ती जागा निर्जन आहे एवढेच म्हणता येईल.

दुपारी तीनच्या सुमाराचा असा एखादा मोकळा किनारा नजरेसमोर आणावा. जमीन तापलेली असते, समुद्रावरून येणारा वारा दिवसातील सर्वांत जोरात वाहत असतो, कोरडी वाळू पोटऱ्यांवर सुयांसारखी टोचते आणि सैल सदरा कानाजवळ सतत फडफडत राहतो. आपला किनारा पश्चिमाभिमुख असल्यामुळे सूर्य समोर, पाण्याच्या बाजूला झुकलेला असतो, आणि लाटांवरून परतणारी तिरीप थेट डोळ्यांत शिरते. उन्हापासून बचाव म्हणून लावलेल्या मलमावर वाळू चिकटून बसते, ती पुसायला जावे तर आणखी घासते. बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपून तो पुसून टाकणारे (नॉइज-कॅन्सलिंग) हेडफोन अशा वेळी मदतीला येतील असे वाटते, पण त्यांच्या मायक्रोफोनवर वारा आदळला की त्यांतूनच घरघर ऐकू येऊ लागते. विमानातील किंवा गाडीच्या इंजिनातील एकसुरी, खालच्या पट्टीतील आवाजासाठी ते उत्तम असतात. वाऱ्यात मात्र कान पूर्ण झाकणारे, बॅटरी नसलेले साधे इअरमफ अधिक उपयोगी पडतात.

आता तोच किनारा सकाळी सातला पाहावा. सूर्य अजून मागच्या डोंगराआड किंवा नुकताच वर आलेला असतो, त्यामुळे माडांची सावली वाळूवर लांबवर पसरलेली असते आणि पाण्यावरून तिरीप येत नाही. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मंद वारा अजून टिकून असतो. याच कारणाने दापोलीजवळच्या मुरुडसारखा किनारा, जिथे संध्याकाळी होडीवाल्यांची बोलावणी आणि पाण्यावरील खेळांच्या इंजिनांचा आवाज यांनी जीव नकोसा होतो, तोही सकाळी दीड-दोन तास अगदी सौम्य असतो. पर्यटक सूर्यास्तासाठी येतात आणि सकाळी नाश्त्याच्या वेळेपर्यंत खोलीतच असतात. हा त्यांचा क्रम आपल्या पथ्यावर पडतो. म्हणून जागेपेक्षा वेळ आधी निवडावी, असा माझा आग्रह आहे.

वेळ निवडताना पंचांग जवळ ठेवावे. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. द्वितीयेला दीड वाजता, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता भरती, आणि तिच्यापासून सुमारे सहा तासांवर ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या उलटून दोन-तीन दिवस झाले असतील, तर सकाळी साडेसात ते साडेआठच्या सुमारास पाणी पूर्ण ओसरलेले असते. तेव्हा चालायला ओली, घट्ट, सपाट वाळू मिळते, जी पायाखालून सरकत नाही आणि बोटांत शिरत नाही. फुटणाऱ्या लाटांचा गडगडाटही बराच दूर गेलेला असतो. उलट अष्टमीच्या आसपास सकाळी पाणी वर असते, उरतो तो मऊ, भुसभुशीत वाळूचा चिंचोळा पट्टा आणि कानाशी आदळणाऱ्या लाटा. एकच खबरदारी घ्यावी : अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची ओढ मोठी असते, त्यामुळे ही वेळ वाळूवर चालण्याची आहे, पाण्यात उतरण्याची नव्हे. शिवाय कृष्ण पक्षातील चतुर्थी म्हणजे संकष्टी; ती सुटीच्या दिवशी आली तर गणपतीपुळ्याला आणि आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला दर्शनाची रीघ लागते, हे विसरू नये.

राहण्याच्या जागेबाबत तर निर्जन आणि सुसह्य यांतील फरक सर्वांत जास्त जाणवतो आणि तिथेच तो सर्वांत कमी तपासला जातो. माडा-पोफळीच्या वाडीतील एकटे घर छायाचित्रात निवांत दिसते. पण छप्पर पत्र्याचे असेल, तर पहाटे माकडांची टोळी त्यावरून धावते तेव्हा झोपलेले मूल किंचाळत उठते, आणि सुपारीची झापे गळून पडली तरी दचकायला होते. कौलारू किंवा स्लॅबच्या घरात हा आवाज पुष्कळ कमी असतो. वाडीला पाणी लावण्याचा पंप बहुधा सकाळी लवकर सुरू होतो. तो खोलीच्या भिंतीला लागून असेल, तर नुसता आवाजच नव्हे तर पलंगापर्यंत पोहोचणारी थरथरही सोसावी लागते. वीज गेली तर जनरेटर कुठे लावतात, जवळच्या देवळात आरतीला नगारा वाजतो का आणि किती वाजता, खोलीत डांबरगोळ्या किंवा उग्र वासाचे फिनाइल वापरतात का, बाकीच्या खोल्या एखाद्या मोठ्या गटाने घेतल्या आहेत का, हे सर्व फोनवर मोकळेपणाने विचारावे. घरगुती सोय चालवणाऱ्या काकू हे प्रश्न मनापासून ऐकतात, असा माझा अनुभव आहे. ‘आमच्या मुलाला मोठा आवाज सोसत नाही’ एवढे सांगितले तरी पंपाची वेळ पुढे ढकलली जाते. हे सौजन्य, निदान मला तरी, मोठ्या रिसॉर्टच्या स्वागतकक्षात सहजी मिळालेले नाही.

रात्रीच्या ध्वनिक्षेपकांबाबत कायदा आपल्या बाजूने आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, मात्र सणासुदीच्या मोजक्या दिवसांसाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. प्रत्यक्षात शिमग्यात पालख्या आणि ढोल घरोघर फिरतात, मे महिन्यात लग्ने असतात, आणि सिंधुदुर्गात कार्तिकापासून जत्रांतील दशावतार रात्रभर रंगतो. हे सगळे त्या गावांचे आपले आयुष्य आहे आणि ते पाहुण्यांसाठी थांबावे अशी अपेक्षा करणे योग्य नाही. आपण आपली तारीख बदलावी हे बरे. नाताळ ते ३१ डिसेंबर हा काळ तर सरळ वगळावा.

वासाचा मुद्दा निर्जनतेच्या हिशोबात कधीच येत नाही. मासेमारीवरील पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै असते. ती उठल्यावर आणि समुद्र शांत झाल्यावर बंदरांजवळ बोंबील, जवळा वाळत घातलेले दिसतात. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव पाहण्यासारखा असतो, पण ज्याला वासाने मळमळते त्याने दिवसाचा तो वेळ त्या बाजूला जाऊ नये. खाडीकाठचे घर लाटांच्या आवाजापासून आणि वाऱ्यापासून उत्तम आडोसा देते, म्हणून मी ते अनेकांना सुचवते; पण ओहोटीला कांदळवनातील चिखल उघडा पडला की सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि संध्याकाळी चिलटे, डास त्रास देतात. कोणाला काय अधिक बोचते, आवाज की वास, हे घरच्यांनाच ठाऊक असते, आणि समुद्र की खाडी याचा निर्णय त्यावरच करावा.

जेवणाचे फार अवघड नसते. ऑर्डरप्रमाणे रांधणाऱ्या घरात मऊ भात, घावणे, साधे वरण आधी सांगितले की मिळते. नेहमीची बिस्किटे आणि ओळखीचे ताट मात्र बरोबर न्यावे.

प्रवास हा सहलीचाच भाग धरावा. कोकण रेल्वेने रत्नागिरीकडे जाताना उक्षी आणि भोके या स्थानकांदरम्यान करबुडे बोगदा लागतो. तो साडेसहा किलोमीटरचा आहे, त्यात अचानक काळोख होतो आणि डब्यातील आवाज कित्येक पटींनी वाढतो. आधी सांगून, खिडकी लावून, इअरमफ चढवून बसले तर तो सहज निभावतो. न सांगता आला तर उरलेला दिवस हातचा जातो. दाभोळ–धोपावे किंवा वेशवी–बागमांडला या फेरीबोटींवर लोखंडी फळी खाली आपटण्याचा आवाज मोठा असतो, तेव्हा मुलाला गाडीतच, काचा वर करून बसू द्यावे.

इथवरचा सारा विचार संवेदना टाळू पाहणाऱ्यांचा झाला. काही मुलांना मात्र जोराच्या संवेदनाच हव्या असतात : लाटेचा मारा, ओल्या वाळूत कमरेपर्यंत पुरून घेण्याचा दाब, वाऱ्यात तोंड उघडे ठेवून धावणे. त्यांच्यासाठी मोकळा, निर्जन किनारा खरोखर आनंदाचा असतो, कारण तिथे ओरडले तरी कोणी वळून पाहत नाही. पण स्वमग्न मुलांपैकी अनेकांना पाण्याची विलक्षण ओढ असते, धोक्याची जाणीव तेवढी नसते, आणि निर्जन किनाऱ्यावर जीवरक्षक नसतो, मोबाइलला रेंज नसते, दवाखाना लांब असतो. अशा मुलाला घेऊन जाताना मुक्काम गावातल्या वाडीत करावा आणि मोकळ्या किनाऱ्यावर सकाळच्या ओहोटीला तासाभरापुरतेच जावे. सोबत किमान दोन मोठी माणसे असावीत : एकाने पाण्याच्या बाजूने चालावे, दुसऱ्याने मुलाच्या हाताशी राहावे, आणि दोघांनीही त्या तासात फोन खिशातच ठेवावा.