व्हिक येथील सँ-मार्तँ चर्च

मध्य फ्रान्समधील बेरी या जुन्या प्रांतात, आजच्या अँद्र जिल्ह्यातल्या नोआँ-व्हिक या खेड्याचे धर्मग्राम चर्च. संत मार्टिन यांच्या नावाचे हे चर्च मध्ययुगात देओलच्या मठाच्या अखत्यारीत होते. बाहेरून ते साधेसुधे दिसते. पाहणारा थबकतो तो आत गेल्यावर, कारण वेदीकडच्या भागातील भिंती बाराव्या शतकातील चित्रांनी भरलेल्या आहेत.

ही चित्रे कित्येक पिढ्या चुन्याखाली गाडलेली होती. 1849 मध्ये गावचे धर्मगुरू जाँ-बातीस्त पेरिगो यांना चुन्याच्या थरामागे रंग दिसले. लेखिका जॉर्ज सांद जवळच नोआँला राहत. त्यांनी ही गोष्ट ऐतिहासिक वास्तूंचे महानिरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे यांच्या कानावर घातली आणि वास्तूला सरकारी संरक्षण मिळाले. मेरिमे स्वतःही नामवंत कथाकार होते. आडगावातल्या या भिंती वाचल्या, त्यात एका सजग धर्मगुरूचा आणि दोन लेखकांचा वाटा आहे, हे आवर्जून नोंदवायला हवे.

तांबडी-पिवळी गेरूमाती आणि फिकट पार्श्वभूमी, एवढ्या मोजक्या रंगांत चित्रकाराने काम भागवले आहे. त्याचे नाव कुठेही नोंदलेले नाही. जेरुसलेमप्रवेश, अखेरचे भोजन, शिष्यांचे पाय धुणे, यहुदाचे चुंबन असे ख्रिस्तचरित्रातले प्रसंग येथे आहेत. माणसे लांबसडक, वाकलेली, सतत हालचालीत आहेत. एकही आकृती नुसती उभी नाही.

सर्वांत लोभस प्रसंग मात्र संत मार्टिन यांचाच आहे. 397 मध्ये कांद येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा पार्थिवावरून दोन गावांत वाद पेटला. मार्टिन तूरचे बिशप. पण प्वात्येजवळच्या लिगुजे येथे त्यांनी आधी मठ स्थापला होता, म्हणून प्वात्येकरही हक्क सांगत होते. रात्री प्वात्येकरांचा डोळा लागला आणि तूरकरांनी पार्थिव खिडकीतून बाहेर काढून होडीने तूरला नेले, अशी कथा सहाव्या शतकातील तूरचे बिशप ग्रेगरी यांनी लिहून ठेवली आहे. व्हिकच्या भिंतीवर हीच खिडकी रंगवली आहे: आतून देह पुढे सरकवला जातो आहे आणि पहारेकरी गाढ झोपलेले आहेत. ज्यांच्या नावाने चर्च, त्यांचीच पळवापळवी गावकऱ्यांसमोर इतक्या मोकळेपणाने मांडलेली पाहून त्या काळच्या श्रद्धेतला जिव्हाळा कळतो.

फ्रेंच राज्यक्रांतीत, 1789 च्या नोव्हेंबरमध्ये, चर्चसंस्थेची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात गेली. 1905 च्या कायद्याने धर्म आणि शासन वेगळे झाल्यावर गावोगावची अशी जुनी चर्चे साधारणपणे स्थानिक पालिकेच्या मालकीची ठरली, पण उपासनेचा हक्क भाविकांकडेच राहिला. त्यामुळे फ्रान्समधल्या खेड्यात छप्पर गळू लागले की दुरुस्तीचा प्रश्न महापौरांच्या टेबलावर येतो, आणि चार-दोनशे वस्तीच्या गावाला तो खर्च जड जातो.